कृष्णेत वाहून गेलेले प्लास्टिक कोणत्या समुद्रात जाते, आणि तिथल्या जिवांचे नेमके काय होते?

नदीकाठ (सांगली)

आमच्या शाळेच्या निसर्ग मंडळातील आठवी-नववीची मुले यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी समुद्रातील प्लास्टिक हा विषय घेऊन प्रकल्प करत आहेत. प्रदर्शन डिसेंबरात आहे. मुलांनी माहिती भरपूर जमवली आहे, पण ती जवळजवळ सगळी प्रशांत महासागर, देवमासे आणि अल्बाट्रॉस यांच्याविषयीची आहे आणि तिच्यात सांगली कुठेच नाही. वास्तविक पूर ओसरला की आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमापर्यंत काठावरच्या बाभळींना पिशव्यांच्या चिंध्या लोंबताना दिसतात, आणि त्यांच्या उंचीवरून पाणी कुठपर्यंत चढले होते हे सांगता येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तेव्हाचे चित्र इथल्या कुणालाही वेगळे सांगायला नको. फांदीला जे अडकले ते आपल्याला दिसते. जे अडकले नाही ते कुठे गेले, याचे समाधानकारक उत्तर मला मुलांना देता आलेले नाही.

म्हणून जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सांगलीचे प्लास्टिक खरोखर समुद्रापर्यंत पोचते का, आणि पोचत असेल तर कोणत्या समुद्रात? आपल्याकडे समुद्र म्हटला की रत्नागिरी-मालवणच डोळ्यांपुढे येते, पण आपली नदी तर पूर्वेला वाहते. दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे: प्लास्टिक जर पचतच नाही, तर ते आंब्याच्या कोयीसारखे शरीराबाहेर का पडून जात नाही, प्राणी त्याने मरतो कसा? तिसरे म्हणजे, ‘समुद्रातील नव्वद टक्के प्लास्टिक दहाच नद्यांतून येते’ आणि ‘२०५० साली समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त असेल’ ही दोन वाक्ये मुलांना प्रदर्शनाच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहायची आहेत. ती लिहू द्यावीत का?

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझी बहुतेक नोकरी पाटबंधारे खात्यात आणि याच खोऱ्यात झाली.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, पण सह्याद्रीचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करते. कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा यांना सोबत घेऊन ती कर्नाटकात शिरते, आणि तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे सांगलीच्या गटारातून निघालेली पिशवी कोकणच्या किनाऱ्यावर जाण्याचा प्रश्नच येत नाही.

ती बंगालच्या उपसागरापर्यंत तरी जाते का, हे मात्र सरसकट सांगता येणार नाही. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा एवढे अडथळे आहेत. जलाशयात पाण्याचा वेग मंदावला की गाळ जसा तळाला बसतो, तसे पाण्याहून जड असलेले प्लास्टिकही बसते. तरंगणारी पिशवीसुद्धा कायम तरंगत नाही. तिच्यावर शेवाळ धरते, गाळ चिकटतो, आणि काही काळाने तीही खाली जाते. पाऊस कमी झालेल्या वर्षी प्रकाशम बंधाऱ्याच्या पुढे समुद्राकडे नाममात्रच पाणी जाते. या सगळ्याचा विचार करता सांगलीच्या मोठ्या वस्तूंपैकी बहुतांश समुद्र पाहतच नसाव्यात आणि वाटेतल्या गाळात, काठांवर व पिकांच्या सरींत राहत असाव्यात, असे माझे मत आहे. महापुराच्या वर्षी धरणांचे दरवाजे उघडले की तरंगणारे तेवढे पुढे सरकते, आणि झिजून बारीक झालेला चुरा पाण्याबरोबर कधीही जाऊ शकतो.

इथे एक गोष्ट मुलांनी प्रत्यक्ष पाहावी अशी आहे. आपल्या भागातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपल्यावर बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. मधले सात-आठ महिने बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी संथ असते आणि बर्ग्यांना टेकून बाटल्या, थर्माकोल, पूजेचे निर्माल्य भरलेल्या पिशव्या आणि जलपर्णी यांचा थर साचत जातो. तेवढा काळ तो एका जागी असतो आणि काठीला जाळी बांधून काढताही येतो. बर्गे निघाले की तो सगळा एका दमात पुढच्या गावाच्या वाट्याला जातो. साफसफाईच्या मोहिमा मात्र आपल्याकडे नेमक्या पूर ओसरल्यावर होतात, जेव्हा काढण्याजोगे फारसे उरलेले नसते.

आणखी एक, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचेच पाणी उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि जत या दुष्काळी तालुक्यांना देतात. पंपांच्या तोंडाशी असलेल्या जाळ्या पिशव्या अडवतात, चुरा अडवू शकत नाहीत. त्यामुळे आपल्या प्लास्टिकचा काही भाग समुद्राकडे न जाता चढावर, द्राक्षांच्या मुळाशी जात असला पाहिजे.

दहा नद्यांच्या वाक्याबद्दल: ते २०१७ च्या एका अभ्यासावरून निघाले आणि जगभर पसरले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक तपशीलवार अभ्यासाने चित्र बदलले. त्याच्या अंदाजानुसार नद्यांतून वर्षाला सुमारे ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात जाते आणि त्यातला ८० टक्के वाटा हजाराहून अधिक नद्यांचा मिळून आहे. नदी किती लांब आहे यापेक्षा तिच्या काठावरचे शहर समुद्राच्या किती जवळ आहे याला त्यात अधिक महत्त्व आहे, आणि म्हणूनच कल्याण-ठाण्याकडची उल्हास नदी कृष्णेहून कितीतरी लहान असूनही त्या यादीत बरीच वर आहे. जुने वाक्य तक्त्यावर नको.

खाडीकाठ (रत्नागिरी, मूळ गाव विटा)

मी प्राणिशास्त्र शिकवतो. विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम आहे, कारण त्याचे उत्तर प्राण्यागणिक बदलते.

लहान, गोलसर तुकडे पुष्कळदा खरोखरच बाहेर पडतात. अडचण होते ती पातळ पिशवी, दोरा आणि टोकदार तुकडा यांची. समुद्री कासवाच्या अन्ननलिकेत पोटाच्या दिशेने वळलेले टणक काटे दाटीने असतात. अन्नाबरोबर आत आलेले खारे पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून ही सोय आहे, आणि जेलीफिशसारख्या बुळबुळीत भक्ष्यासाठी ती फार उपयोगाची आहे. पण त्याच सोयीमुळे एकदा तोंडात गेलेली पिशवी परत फिरत नाही. ती आतड्यात गुंडाळली जाते, तिच्यामागे अन्न साचते, ते कुजून वायू तयार होतो, आणि असे कासव पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत राहते. त्याला बुडी मारता येत नाही, भक्ष्य पकडता येत नाही, आणि जाणाऱ्या होडीचा पंखाही चुकवता येत नाही. ऑस्ट्रेलियातील कासवांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासाने असा हिशेब मांडला की पोटात प्लास्टिकचे १४ तुकडे असले तर कासव त्यामुळे मरण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या घरात जाते. एका तुकड्यानेही कासव मरू शकते, आणि तो कुठे अडकतो यावर सगळे अवलंबून असते.

पिशवी जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव फसते, हे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते चूकही नाही, परंतु ते पुरेसे नाही. पाण्यात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर जिवाणू आणि शैवाल यांचा थर चढतो आणि त्याला अन्नासारखा वास येतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असा थर चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला कासवांनी अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद दिला आणि कोऱ्या प्लास्टिककडे दुर्लक्ष केले. तेव्हा दोष कासवाच्या नजरेचा मानू नये. समुद्राने त्या पिशवीला अन्नाचे रूप दिलेले असते.

पक्ष्यांत गोष्ट वेगळी आहे. अल्बाट्रॉस समुद्रावरून उचललेले अन्न पिलाच्या चोचीत ओततात आणि त्याबरोबर बाटल्यांची झाकणे आणि लायटरचे तुकडेही ओततात. पोट भरल्यासारखे वाटते, पोषण मिळत नाही, आणि उडण्याइतके वजन व्हायच्या आत पिलू खंगते. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावरील शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकच्या सततच्या घर्षणाने व्रण पडून ऊती कडक झाल्याचे २०२३ मध्ये नोंदवले गेले. म्हणजे पोट तुंबले नाही तरी इजा होतेच.

मुलांच्या संग्रहात प्रशांत महासागरातील कचऱ्याचे ‘बेट’ नक्कीच असणार. तिथे पाय ठेवता येईल असे काही नाही. सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरवर विखुरलेले, बहुतेक ठिकाणी होडीतून दिसणारही नाही असे ते विरळ मिश्रण आहे. २०१८ च्या मोजणीत तिथल्या तरंगत्या प्लास्टिकचे वजन सुमारे ७९ हजार टन भरले आणि त्यापैकी ४६ टक्के मासेमारीची जाळी होती. या आकड्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, कारण पिशवीला दोष देणे सोपे आहे. तुटून वाहत गेलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे मासेमारी करत राहते, फक्त मासे काढणारा कुणी नसतो. श्वास घेण्यासाठी वर यावे लागणारी कासवे आणि डॉल्फिन त्यात गुदमरून मरतात. चालू जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला तर मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडावे, यासाठी राज्याच्या वनविभागाने २०१८ च्या अखेरीस २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. इथल्या बंदरांवर तिच्याबद्दल तक्रारी ऐकू येतात, पण तिच्यामुळे जाळी कापली गेली आहेत आणि प्राणी सुटले आहेत, हे मान्य करायला हवे.

प्रवाळांचा उल्लेख अवश्य करा. आशिया-प्रशांत भागातील सव्वा लाखाच्या आसपास प्रवाळ तपासून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की प्लास्टिक अंगावर नसलेल्या प्रवाळांत रोगाची शक्यता ४ टक्के होती, प्लास्टिक चिकटलेल्यांत ८९ टक्के. प्लास्टिक ऊतीला ओरखडे काढते, प्रकाश अडवते, आणि जखमेतून रोगजंतूंना वाट मिळते.

राहिला तो चुरा. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या शोधनिबंधानंतर हा शब्द रुळला. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि फुटत जाते, पण फुटणे म्हणजे नष्ट होणे नव्हे. हा चुरा शिंपल्यांपासून सूक्ष्म तरंगत्या जिवांपर्यंत सगळे गिळतात. त्यांच्या पिढीवर आणि त्यांना खाणाऱ्यांवर त्याचा किती परिणाम होतो, यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. जाळ्यात अडकलेल्या कासवाबद्दल मात्र कुठलाच वाद नाही. मुलांनी हा फरक तक्त्यावर दाखवला तर परीक्षकांना तो आवडेल की नाही ठाऊक नाही, मला आवडेल.

माशांच्या वाक्याविषयी: ते २०१६ च्या एका अहवालातले आहे. समुद्रात एकूण मासे किती वजनाचे आहेत याचाच अंदाज इतका सैल आहे की त्याची तुलना तितक्याच सैल भाकिताशी करून काहीही सिद्ध होत नाही. गाळून टाका.

मोल्डिंगवाला (कुपवाड)

चर्चा पिशव्या आणि बाटल्यांवरच थांबली आहे, म्हणून कारखान्याच्या बाजूने थोडे लिहितो. आमचा कच्चा माल म्हणजे दाणा: मसुरीएवढे प्लास्टिकचे दाणे, २५ किलोच्या गोणीत येतात. गोणी फाडताना, हॉपरमध्ये (यंत्राच्या वरच्या नरसाळ्यात) ओतताना थोडा दाणा खाली सांडतोच, आणि शेडच्या दारापाशी तो चपलांना चिकटून बाहेर जातो. तो झाडून परत वापरणारे कारखानदार आहेत, तसेच पाण्याचा पाइप मारून गटारात सोडून देणारेही आहेत. मी पूर्वी जिथे सुपरवायझर होतो तिथे दुसरी रीत होती आणि बोलून उपयोग झाला नाही. पहिल्या पावसात गटाराच्या कडेला पांढरी रेघ दिसायची.

हाच दाणा समुद्रात काय करतो ते २०२१ मध्ये कोलंबोजवळ दिसले, जेव्हा ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळून बुडाले आणि सुमारे १,६८० टन दाणा पाण्यात गेला. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाल्यावर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावरही दाणा येऊन पडला. तो वाळूतून वेचणे जवळजवळ अशक्य असते. दिसायला माशांच्या अंड्यांसारखा असल्यामुळे पक्षी आणि मासे तो सहज गिळतात.

बंदीविषयीही एक सांगतो. राज्याची बंदी २३ जून २०१८ पासून लागू झाली आणि देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून काही एकदा-वापराच्या वस्तूंवर बंदी आली. देशाच्या नियमांनुसार पिशवीची जाडी आता किमान १२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागते. जाड पिशवीला भंगारात भाव मिळतो आणि ती उचलली जाते, एवढा त्यातला साधा हिशेब आहे. परंतु वेफर्सची पाकिटे आणि शाम्पूच्या पुड्या यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावत नाही. त्या बंदीतही नाहीत. नदीकाठी पाण्याच्या बाटल्यांपेक्षा या पुड्या का जास्त सापडतात, त्याचे कारण हे आहे.

द्राक्षबाग (तासगाव)

वरची सर्व माहिती वाचली आणि ती मोलाची आहे, तरीही एक शंका मांडतो. सांगलीचे बहुतेक प्लास्टिक समुद्रात पोचतच नसेल, तर समुद्री जिवांच्या नावाने आमच्या मुलांना अपराधी वाटायला लावण्यात काय अर्थ आहे? ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर (वाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा पातळ कागद), क्रेट यांच्याशिवाय या दुष्काळी भागात शेती उभी राहिली नसती. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरही, म्हणजे कृष्णेच्या अगदी माहेरी, मल्चिंग पेपरच अंथरलेला असतो. आणि समुद्राचे मासे आमच्या ताटात किती वेळा येतात?

खाडीकाठ (रत्नागिरी, मूळ गाव विटा)

ठिबक नको असे इथे कुणी म्हटलेले नाही. नळी जाड असते, भंगारात विकली जाते आणि शेतकरी तिला जपतो. प्रश्न मल्चिंग पेपरचा आहे. पंचवीस-तीस मायक्रॉनचा तो कागद हंगामाच्या शेवटी ओढून काढताना फाटतो, त्याच्या पट्ट्या ढेकळांत राहतात आणि नांगरटीत आणखी बारीक होतात. ते तुमच्याच रानाचे नुकसान आहे, समुद्र लांबच राहिला.

ताटाविषयी म्हणाल, तर मासे तुमच्याकडे कमी येत असतील, पण मीठ रोज येते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बाजारातील समुद्री मीठ तपासले तेव्हा त्यात सूक्ष्म प्लास्टिक सापडले, आणि साध्या वाळूच्या गाळणीने त्यातले वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक काढता येते असेही त्यांनी दाखवले. बांगडा साफ करताना आतडी फेकली जातात, त्यांच्याबरोबर बरेच प्लास्टिकही जाते. आठवडी बाजारातला सुका जवळा मात्र आपण अख्खा खातो. इटलीतील डॉक्टरांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानेच्या धमनीतील चरबीच्या थरात सूक्ष्म प्लास्टिक सापडलेल्या रुग्णांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट आढळला. प्लास्टिकमुळेच तसे झाले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण मुलांना अपराधी वाटायला नको, एवढे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

नदीकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही वाक्ये गाळली आहेत आणि प्रकल्पाचे नाव ‘महाबळेश्वर ते हंसलदीवी’ असे केले आहे. प्रदर्शनात मुलांना नुसते तक्ते न लावता काहीतरी करून दाखवायचे आहे. सुचवाल का?

खाडीकाठ (रत्नागिरी, मूळ गाव विटा)

दोन पारदर्शक बरण्या घ्या. एकीत नळाचे पाणी आणि दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी भरा, म्हणजे साधारण समुद्राइतके खारे होईल. पाण्याच्या बाटलीच्या अंगाचा तुकडा, त्याच बाटलीच्या झाकणाचा तुकडा, दुधाच्या पिशवीचा कोपरा आणि नायलॉनच्या दोरीचा धागा असे सगळे दोन्हींत टाका, आणि बुडबुडे चिकटू नयेत म्हणून काडीने दाबून सोडा. बाटलीचे अंग बुडेल आणि झाकण तरंगेल, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकची असतात. एकाच बाटलीचा अर्धा भाग अलमट्टीच्या गाळात आणि अर्धा पुढे का जातो, हे बघणाऱ्याला न सांगता कळेल. हंसलदीवीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वेळासला येतात त्याच जातीची. नकाशाच्या त्या टोकाला कासवाचे चित्र काढा.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

आणि प्रत्यक्ष नमुने घ्यायचे असतील तर डिसेंबरच्या आधी बर्गे घालून झालेले असतील, त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला थर धरू लागलेला असेल. पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात शाळेचे पत्र देऊन कर्मचारी सोबत घ्या आणि लांब काठीच्या जाळीने बंधाऱ्यावरूनच नमुने काढा. मुलांना पाण्यात किंवा काठाच्या चिखलात अजिबात उतरवू नका. औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत आणि थंडीच्या दिवसांत त्या उन्हाला काठावरच पडलेल्या असतात.